खंडेनवमीचा क्लच

शामकांत टोकेकरांनी बहात्तराव्या वर्षी एक वस्तू उघडली आणि ती पुस्तक नव्हती, इथूनच सगळं बिनसलं.

पुस्तकं उघडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवगावच्या एका हायस्कुलात ते उभी नोकरी ग्रंथपाल होते. पोरांनी दुमडलेले कोपरे सरळ करणं, शाईचे डाग टिपणं, सुटलेल्या बांधण्या खळीनं चिकटवणं, एवढ्या यंत्रविद्येवर त्यांचा संसार झाला. गावात सगळे त्यांना 'सर' म्हणत. त्यांनी एक तासही कधी शिकवला नव्हता, त्यामुळे कुणी 'सर' म्हटलं की आपण चुकून दुसऱ्याची छत्री उचलून आणली आहे असं त्यांना वाटायचं. पण 'अहो, मी सर नाही' असं सांगायला जो धीटपणा लागतो, तो नव्हता म्हणूनच तर ते ग्रंथपाल झाले होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांच्या जुन्या, छोट्या गाडीचा क्लच गेला. बाजारातून येताना इंजिनानं आरडाओरडा भरपूर केला, पण चाल मात्र बैलगाडीची धरली. गल्लीत शिरताना एक कुत्रं गाडीच्या पुढं चालत होतं आणि तेसुद्धा मधून मधून थांबून, मागं वळून पाहत होतं. शामकांतरावांना कुत्र्याचीही लाज वाटली.

एरवी गाडी गेली तर गेली. पण कोपरगावला दमयंतीबाईंची थोरली बहीण, सत्यशीलाअक्का, अंथरुणाला खिळली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या" असं सांगून तिला परत पाठवलं होतं, आणि या वाक्याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नाही. दर दसऱ्याला दोघी बहिणी एकमेकींच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवत. एक वर्ष अक्का शेवगावला यायची, एक वर्ष दमयंतीबाई कोपरगावला जायच्या. यंदा पाळी अक्काची होती. तिनं फोन केला. "दमे, यंदा तूच ये बाई. मी काही फार थांबत नाही." हे ती हसत म्हणाली, म्हणूनच दमयंतीबाई फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "दसऱ्याला मला तिच्याकडे पोचवा. दुसरं काही मागत नाही."

त्यांनी नवऱ्याकडे एरवीही काही मागितलं नव्हतं. मागितलं तर मिळेल असा नवऱ्याचा चेहराच नव्हता. एसटीची पायरी त्यांच्या गुडघ्यांनी कधीच सोडली होती, आणि कोपरगावला जायचं म्हणजे वाटेत गाडी बदलायची, पुन्हा पायरी, पुन्हा गुडघे. तेव्हा घरची गाडी हवी होती. आणि घरची गाडी गल्लीत, कंपाउंडला लागून, मान टाकून उभी होती.

शामकांतराव छगन मिस्त्रीकडे गेले. गॅरेजच्या बाहेर, आत आणि गटारावरच्या फरशीवरसुद्धा ट्रॅक्टर उभे होते. साखर कारखाने सुरू होण्याचे दिवस. तालुक्यातला प्रत्येक ट्रॅक्टर ऊस ओढायला जायच्या आधी छगनच्या हातून जाणार होता.

"सर, दसऱ्यानंतर आना," छगन एका ट्रॅक्टरच्या पोटातून म्हणाला. "दिवाळीनंतर आनली तर आनखी बरं."

"पण छगनराव, जरा अडचण आहे. कोपरगावला..."

"अडचन कोनाला न्हाई, सर? त्यो निळा बघा. त्याच्या मालकाचं लगीन अडलंय. पोरीचा बाप म्हनतोय, आधी ट्रॅक्टर चालू करून दाव."

शामकांतरावांनी निळ्या ट्रॅक्टरकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि ते परत आले. बाकीच्या दोन मिस्त्र्यांनीही हेच सांगितलं, फक्त लग्नाचं वगळून.

घरी दारात शेजारचा बजरंग उभा होता. बजरंगची शेती वरूरकडे, घर कॉलनीत आणि सल्ला सगळीकडे.

"त्यात काय, सर! लई सोपं काम हाय. ट्रॅक्टरचा क्लच मी किती येळा खोललाय. ह्यो तर पोरांच्या खेळन्यातला. चार बोल्ट काढायचे, जुनी चकती काढायची, नवी घालायची. पाने, जॅक, सगळं मी देतो. तुमी येवढी पुस्तकं वाचलीत, तुमाला काय अवघड?"

(ट्रॅक्टरचा क्लच बजरंग फक्त खोलत असे आणि बसवायला छगन येत असे, हे पुढं कळलं. पण सल्ला देणाऱ्याकडे पूर्ण माहिती मागणं हा उद्धटपणा आहे, असं शामकांतरावांचं मत होतं.)

"अहो, भाड्याची गाडी करू या ना सरळ," दमयंतीबाई ओट्यावरून म्हणाल्या.

तेव्हा हो म्हणायला हवं होतं. त्या दिवशी गाव भाड्याच्या गाड्यांनी भरलेलं होतं. पण शामकांतरावांच्या मनात भलतंच काही हललं. इतक्या वर्षांत बायकोनं एक गोष्ट मागितली, आणि तीही आपण दुसऱ्याच्या ड्रायव्हरकडून पुरवायची? आयुष्यात आपल्या हातानं केलेलं असं तिला काय दिलं? पुस्तकांना घातलेली खाकी कव्हरं. ते घसा साफ करून म्हणाले, "नको. मी करतो." हे वाक्य बजरंगनं ऐकलं होतं, म्हणजे ते आता कॉलनीत सगळ्यांनी ऐकल्यात जमा होतं. मागं घेता येण्यासारखं राहिलं नाही.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. गाडी आणली त्याच दिवशी त्याला कव्हर घालून, क्रमांक टाकून त्यांनी ते कपाटात लावलं होतं. आता ते त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. प्रस्तावनाही सोडली नाही. गद्य त्यांना फार आवडलं. एकाही वाक्यात लेखकाला आपली हुशारी दाखवायची नव्हती. गिअरबॉक्स कसा उतरवायचा हे चौदा पानं सांगून झाल्यावर शेवटी एकच ओळ होती: बसवताना हीच कृती उलट क्रमानं करावी. या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं हलकीशी रेघ ओढली.

मग ते गाडीखाली शिरले.

खालून गाडी अगदी वेगळी दिसते. पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक भागाला बाण आणि नाव होतं. इथं सगळ्यावर एकसारखा काळा चिखल होता. त्यांनी एकेक बोल्ट काढून जुन्या कॅटलॉगच्या कार्डांवर टोचून ठेवला आणि कार्डावर ठिकाण लिहिलं. बजरंग खुर्ची टाकून बसला होता आणि मधून मधून "हां, आता जोर लावा" असं म्हणत होता. गिअरबॉक्स उतरवताना मात्र तो खाली वाकला, दोरी धरली आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून सोडली. गिअरबॉक्स शामकांतरावांच्या छातीवर येऊन बसला. लागलं असं नाही, पण मांजर बसावं तसा तो निवांत बसला आणि उठायचं नाव घेईना. बजरंगचा फोन पाण्याच्या पाळीबद्दल होता, तो लांबला.

"सर, हाय ना तुमी?" फोन संपल्यावर त्यानं विचारलं.

"आहे," खालून बारीक आवाज आला.

गिअरबॉक्समधलं तेल तेवढ्यात उतारानं वाहत गेलं आणि गल्लीच्या तोंडाशी देवीसाठी काढलेल्या रांगोळीच्या बरोबर मधोमध जाऊन थांबलं. रांगोळी मोराची होती. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या बायका दमयंतीबाईंशी एक दिवसाआड बोलू लागल्या.

मग मंडळाची पोरं आली. "सर, गाडी जरा पुढं घ्या, इथं मांडव टाकायचाय."

"ती... पुढं येत नाही."

"मग मागं घ्या."

"मागंही जात नाही."

पोरांनी विटांवर चढवलेल्या, चाकं काढलेल्या गाडीकडे आणि कार्डांच्या ओळीकडे पाहिलं. सरांचा मान राखून ती हसली नाहीत. वळून, कोपऱ्यावर जाऊन हसली. दुपारपर्यंत गाडीसकट मांडव उभा राहिला. गाडीवर लाल पडदा टाकला गेला. संध्याकाळी ओटी भरायला आलेल्या एका म्हातारीनं देवीबरोबर पडद्यालाही हळदकुंकू वाहिलं. तिच्या मागच्या सगळ्या बायकांनीही वाहिलं. शामकांतराव तेव्हा नेमके पडद्याखाली, बेअरिंगपाशी होते. आरती सुरू झाली. आता काळ्या तोंडानं देवीच्या शेजारून बाहेर यायचं म्हणजे चेंगराचेंगरी होईल, असा विचार करून ते निपचित पडून राहिले. आरती संपेपर्यंत त्यांनी पान्यावर बोटानं ठेकाही धरला.

रात्री जेवताना दमयंतीबाईंनी विचारलं, "होईल ना हो?"

"होईल."

"अक्काचा आवाज आज खोल गेला होता."

त्यांनी वरणात लिंबू पिळलं. हाताच्या काळ्या भेगांतून लिंबू झोंबलं.

नवी क्लच प्लेट नगरहून एसटीच्या पार्सलनं मागवली होती. ती आली, पण डिझेल गाडीची. ती परत गेली. दुसरी येईपर्यंत नगरपरिषदेचा पुंजाराम मांडवाची परवानगी तपासायला आला आणि त्यानं पडदा वर करून गाडीच्या काचेवर 'बेवारस वाहन' असा कागद चिकटवला.

"अहो, ही माझी आहे," शामकांतराव कळवळून म्हणाले. "मी इथंच राहतो. हे काय माझं घर."

"आसंल, सर. पन बेवारस न्हाई हे कशावरून?"

"म्हणजे काय करावं लागेल?"

"काई न्हाई. साहेबांसमोर चालवून दावायची. लगेच कागद काढतो."

"पण चालत नाही म्हणूनच तर ती इथं उभी आहे!"

"मग मी तरी दुसरं काय म्हनतोय?" पुंजारामनं खळ लागलेला हात पडद्याला पुसला आणि तो गेला. कागद वेडावाकडा चिकटवला होता, याचा शामकांतरावांना कागदावरच्या मजकुरापेक्षा जास्त त्रास झाला. त्यांनी तो ओला करून काढला आणि सरळ चिकटवला.

सातव्या माळेला अक्काच्या सुनेचा, मैत्रेयीचा फोन आला. "मावशी, आई खात नाहीयेत काही. सारखं विचारतात, दमी निघाली का." दमयंतीबाईंनी फोन कानाला तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं. शामकांतराव चपला घालून बाहेर पडले. गावात जेवढे भाड्याच्या गाड्या देणारे होते तेवढ्यांकडे गेले. एकही गाडी नव्हती. सगळ्या मोहट्याच्या देवीला लागल्या होत्या. दसऱ्यापर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या. एक जण म्हणाला, "सर, गेल्या आठवड्यात आला आसता तर घरी आनून उभी केली आसती." हे शामकांतरावांना कुणी सांगायची गरज नव्हती.

परत आले तर पार्सल आलं होतं. बरोबर होतं. त्यांनी प्लेट उघडून पाहिली. चपटी, गोल, जड. मधे दातेरी भोक आणि दोन्ही अंगांना खरखरीत काळा पट्टा. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या पट्ट्याला तेलाचं बोटही लागता कामा नये, नाही तर तो पकडणार नाही, घसरत राहील. म्हणून त्यांनी ती धुतलेल्या धोतराच्या फडक्यात धरली आणि फडक्यातच गुंडाळून दिवाणखान्यात ठेवली. दुसरा सगळा दिवस जुने भाग काढून घासण्यात गेला. आता बसवायचं तेवढं बाकी होतं. उद्या खंडेनवमी, उद्या बसवायचं, परवा दसऱ्याला सकाळी निघायचं. कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी अंगणात येऊन पाहतात तर पाने नाहीत, जॅक नाही, हातोडी नाही. बजरंगच्या ओसरीवर पोतं अंथरलं होतं आणि त्यावर विळे, कोयते, खुरपी, टिकाव यांच्या रांगेत सगळे पाने धुऊन पुसून ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. जॅकला तर अख्खा नारळ.

"छबूबाई, मला फक्त ते दोन पाने..."

"आता न्हाई, सर," बजरंगची बायको छबूबाई पदर सावरत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून काही इलाजही नव्हता. "पूजा झाली. आता उद्या सोनं लुटल्याबिगर कोनी हात लावायचा न्हाई. वरीसभर राबत्यात ती, येक दिस इसावा घेऊं द्या."

शामकांतरावांनी बजरंगकडे पाहिलं.

"सर, माझ्या घरात माझं चालतं ते फकस्त ट्रॅक्टरवर," बजरंग हळूच म्हणाला. "आन आज त्यो बी पूजेत हाय."

ते घरी वळले. त्यांच्याकडेही खंडेनवमीला पाटावर पुस्तकं मांडत. दमयंतीबाईंनी आज दुरुस्तीचं पुस्तकही मांडलं होतं; म्हणजे तेही उद्यापर्यंत उघडायचं नाही. त्याच्या शेजारी चांदीचं ताम्हण होतं. ताम्हणात क्लच प्लेट होती. मधल्या दातेरी भोकात झेंडू खोचला होता. हळदकुंकवाची बोटं होती. आणि प्लेट चमकत होती.

"लोखंड आहे ना," दमयंतीबाई म्हणाल्या, "गंजू नये म्हणून आधी तेलाचा हात फिरवला. दोन्ही बाजूंनी. खरखरीत होतं, पीत होतं तेल, मग पुन्हा लावलं. चांगलं जिरवलंय."

शामकांतरावांचं तोंड उघडलं.

"अक्काचं नाव घेऊन लावलंय," त्या प्लेटकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, आता हीच नेणार आपल्याला तिच्यापर्यंत. दुसरं कोण आहे?"

शामकांतरावांचं तोंड मिटलं. त्या पाटाशी उकिडव्या बसल्या होत्या. ज्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती त्या गुडघ्यांवर. उठायला त्यांना हात द्यावा लागला.

"छान केलंस," ते म्हणाले.

दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर छबूबाईनं पाने सोडले. शामकांतराव प्लेट घेऊन घरामागे न्हाणीपाशी गेले. तिथं, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी ती पेट्रोलनं धुतली. पुन्हा धुतली. वाळू कागदानं घासली. प्रत्येक वेळी वाळली की आतून पुन्हा पिवळसर झाक वर यायची. नवी मिळायची नव्हती. दसऱ्याला नगरचं दुकान बंद. आणि बायकोला काय सांगायचं? त्यांनी आयुष्यात वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत या प्रसंगासाठी एकही वाक्य नव्हतं. ते उठले आणि तीच प्लेट घेऊन गाडीखाली शिरले.

आणि काय सांगावं, बसवणं इतकं सुरेख झालं! प्लेट बरोबर मधोमध धरायला एक खास दांडा लागतो. तो नव्हता म्हणून त्यांनी ताकाच्या रवीच्या दांड्याला कागद गुंडाळून तो केला, आणि तो बेतून केल्यासारखा बसला. मंडळाच्या पोरांनी गिअरबॉक्स उचलून धरला, तो एका दमात आत गेला. कार्डांवरचे बोल्ट एकेक करून आपापल्या घरी गेले. संध्याकाळी अंगणात नुसती रिकामी कार्डं उरली.

बजरंग अस्वस्थ झाला. "येक बी बोल्ट उरला न्हाई? मग कायतरी चुकलंय, सर. छगन बसवतो तवा मूठभर उरत्यात."

गाडी सुरू झाली आणि मांडवातून हळूच बाहेर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शामकांतरावांनी स्टिअरिंगवरचे हात पाहिले. काळे, सोललेले, एका बोटाचं नख गेलेलं. हे हात आपले आहेत यावर त्यांचा विश्वास बसेना. ताबडतोब निघावं असं दमयंतीबाईंच्या मनात होतं, पण दिवस मावळला होता आणि अंधारात समोरच्या दिव्यांनी शामकांतरावांचे डोळे दिपत. सकाळी निघायचं ठरलं. अक्काला फोन लावला. ती फार थोडं बोलली. "ये. वाट बघते."

उजाडता निघाले. दमयंतीबाईंनी रुमालात आपट्याची पानं बांधून घेतली होती. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. दमयंतीबाई म्हणाल्या, "खरंच जमलं हो तुम्हाला." त्यांनी कधी नव्हे ते नवऱ्याच्या हातावर हात ठेवला, तोही गिअर बदलायच्या वेळी. शामकांतरावांनी गिअर तसाच राहू दिला.

इंजिन तापलं तसं मुरलेलं तेल वर यायला लागलं. नेवाशाच्या अलीकडे एका पुलाचा चढ लागला. इंजिन ओरडू लागलं, गाडी मंदावली. जळकट वास आला, त्यात थोडा देवघराचाही वास होता, आणि चढाच्या मध्यावर गाडी थांबली. त्यांनी ती उताराला लावून बाजूला घेतली. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. ती जागची हलली नाही.

"काय झालं?"

"क्लच."

"कालच बसवलात ना?"

"हो."

रुमाल मांडीवर घेऊन दमयंतीबाई समोरच्या चढाकडे पाहत राहिल्या. शामकांतराव रस्त्यात उभे राहून हात करू लागले. त्यांना हात करण्याची सवय नव्हती. ते इतक्या संकोचानं करत की गाड्यांना वाटे हा कुणाला तरी निरोप देतोय. बऱ्याच वेळानं एक ट्रक थांबला. ऊसतोडीला निघालेली माणसं. मागं भांडी, पेट्या, शेळ्या, म्हातारी माणसं आणि उसाआधीच दमलेले चेहरे.

"कुठं जायचं, आजी?" केबिनमधून एक बाई वाकून म्हणाली.

"कोपरगावला. बहिणीकडे."

"मग या की. आमी बी तिकडच्याच कारखान्याला चाललोय. आगं ये, धरा आजीला, पायात दम न्हाई त्यांच्या."

चार बायकांनी दमयंतीबाईंना उचलून केबिनमध्ये घेतलं. एसटीच्या पायरीपेक्षा ती पायरी दुप्पट उंच होती, आणि त्या चढल्या. शामकांतराव मागं एका शेळीशेजारी बसले. ट्रक चहाला थांबला, डिझेलला थांबला, एक पेटी पडली म्हणून मागं फिरला, मुकादमाची माणसं घ्यायला एका फाट्यावर थांबून राहिला. प्रत्येक थांब्याला शामकांतराव उभे राहून केबिनच्या जाळीतून पाहत. पांढऱ्या केसांचा आंबाडा दिसायचा. तो हलायचा नाही.

अक्काच्या घरापुढं ते पोचले तेव्हा दारात चपलांची दाटी होती, आणि आतून आवाज काहीच येत नव्हता.

मैत्रेयी बाहेर आली. "मावशी," ती म्हणाली, "सकाळी चांगल्या जाग्या होत्या. आत्ताच, तासाभरापूर्वी..." दमयंतीबाईंनी तिला बाजूला केलं, आत गेल्या, रुमाल सोडला आणि अक्काच्या हातात पानं ठेवून वरून तिची बोटं मिटली. ती मिटून राहीनात. त्या धरून बसल्या.

तेराव्यानंतर दोघं परत आली. गाडी बजरंगनं ट्रॅक्टरला बांधून आधीच ओढून आणली होती. कॉलनीत विषय एकच होता. सरांनी घरी क्लच बसवला आणि बाईंची बहीण गेली. जणू दोन्ही एकाच पान्यानं झालं. शामकांतराव वाचायला बसत आणि पान उलटायचं विसरत. दमयंतीबाई चहा झालाय, दूध आलंय, एवढंच बोलत. कोपरगावला त्या रडल्या नव्हत्या. इथंही नाही.

ट्रॅक्टर कारखान्यांकडे गेल्यामुळे छगन मोकळा झाला होता. त्यानं येऊन गल्लीतच गिअरबॉक्स उतरवला. बजरंग खुर्ची घेऊन आला. खालून छगनची शीळ ऐकू आली.

"सर! बसवलंय झकास. खोटं कशाला सांगू, माझ्यापरीस चांगलं. येक बोल्ट इकडचा तिकडं न्हाई."

असं काही ऐकायला मिळावं म्हणून माणूस जन्मभर वाट बघतो. पण शामकांतरावांना पुढचं वाक्य ठाऊक होतं.

"पन ही प्लेट कोनी तेलात तळली का काय?" छगन प्लेट घेऊन बाहेर आला. "मूळ दुखनं ह्यातच हाय. हिला तेल कसं लागलं?"

दमयंतीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या. प्लेटच्या दातेरी भोकाभोवती, जिथं वाळू कागद पोचला नव्हता, हळदीची पिवळी रेघ अजून होती. त्यांनी प्लेटकडे पाहिलं. मग ट्रेवरच्या आपल्या बोटांकडे.

"माझ्या हातून सांडलं," शामकांतराव म्हणाले. "गिअरबॉक्सचं तेल. डबा हातातून निसटला. मला वाटलं, पुसलं की झालं."

छगननं गुडघ्यावर थाप मारली. "आवो सर! येवढी पुस्तकं वाचून! शाळंतल्या पोराला बी ठावं आसतंय!" बजरंगला हसू आवरेना, तो ही बातमी छबूबाईला सांगायला उठून गेला. अर्ध्या तासात ती कॉलनीभर होणार होती आणि शामकांतराव असेपर्यंत राहणार होती.

दमयंतीबाईंनी ट्रे कट्ट्यावर ठेवला.

"तेल सांडलं?" त्या म्हणाल्या. "आणि तसंच बसवलंत? मला सांगितलं नाहीत?" त्यांचा आवाज चढत गेला, मग फाटला. "इतकं साधं कळू नये तुम्हाला? ती तिकडे वाट बघत होती हो! सकाळपर्यंत विचारत होती! जन्मभर नुसती पुस्तकं, नुसती पुस्तकं, एक गोष्ट मागितली मी, एक..." आणि त्या गल्लीत, छगनसमोर, मोठ्यानं रडू लागल्या. छगन हातातली प्लेट खाली ठेवून, न सांगता, घराच्या मागं गेला.

शामकांतराव मान खाली घालून ऐकत राहिले. मधे एकदाच, त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा, ते म्हणाले, "भाड्याची गाडीसुद्धा मीच करू दिली नाही."

"तेही आहेच," दमयंतीबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या.